दाढ ठणकते तेव्हा: दाताच्या गराची सूज कशी ओळखायची आणि कोणत्या टप्प्यावर काय करायचं

लोक जिला 'दाताची नस' म्हणतात, ती नुसती नस नसते. दाताच्या पोटात एक मऊ, गुलाबी गाभा असतो. त्यात रक्तवाहिन्या असतात, मज्जातंतू असतात, डेंटिन (इनॅमल या दाताच्या सगळ्यात वरच्या कठीण थराच्या आतला थर) तयार करणाऱ्या पेशी असतात आणि जंतूंशी लढणाऱ्या पेशीही असतात. दंतवैद्य याला पल्प म्हणतात, आपण इथे गर म्हणू. एका दाताचा गर सरासरी ०.०२ घन सेंटीमीटर, म्हणजे पाण्याच्या अर्ध्या थेंबाहूनही कमी भरतो. एवढ्याशा गरासाठी माणूस रात्रभर घरात येरझाऱ्या घालतो, कारण तो जिथे कोंडलेला आहे तिथे सुजायला जागाच नाही.

पायात काटा मोडला तर भोवतीचं मांस सुजतं, त्वचा ताणते, दाब पसरतो. गराभोवती मात्र डेंटिनची टणक भिंत आहे. रक्त आत येण्याची मुख्य वाट मुळाच्या टोकाला असते आणि तिथलं छिद्र जेमतेम पाव ते अर्ध्या मिलिमीटरचं. सूज आली की त्या जागी दाब वाढतो, रक्त नीट खेळत नाही, पेशी मरतात आणि मेलेल्या पेशींवर जंतू पोसले जातात. पूर्वी असं समजलं जायचं की एकदा सूज आली की संपूर्ण गराचा एकदम गळा आवळला जातो. प्रत्यक्षात सूज किडीच्या जवळच्या कोपऱ्यात सुरू होते आणि तिथून मुळाकडे सरकते. म्हणजे मधे वेळ मिळतो, आणि त्या वेळात गर वाचवताही येतो. तो वेळ कसा ओळखायचा हे सांगण्यासाठीच एवढा लेखनप्रपंच.

जंतू आत शिरतात कुठून

बहुतेक वेळा किडीतून. तोंडातले जंतू साखर आणि पिष्ट खाऊन आम्ल तयार करतात. दातावरचा पीएच (आम्लतेचं माप, जितका कमी तितकं आम्ल जास्त) साधारण ५.५च्या खाली गेला की इनॅमलमधली खनिजं विरघळू लागतात. डेंटिन त्याहून लवकर, सहाच्या वरच हार मानतं. म्हणून इनॅमलवर काळा ठिपका दिसतो टाचणीच्या डोक्याएवढा आणि आत खड्डा झालेला असतो हरभऱ्याएवढा. 'छोटीशी तर कीड आहे' या वाक्यावर भरवसा ठेवू नका.

डेंटिन भरीव दिसतं, पण ते बारीक नळ्यांनी भरलेलं असतं. एका चौरस मिलिमीटरमध्ये बाहेरच्या बाजूला सुमारे २० हजार नळ्या, तर गराजवळ ४५ हजारांच्या आसपास. आत जावं तसतशा त्या रुंदही होत जातात. म्हणून कीड जितकी खोल, तितकी जंतूंची आणि त्यांच्या विषांची आवक अनेक पटींनी वाढते. कीड आणि गर यांच्यामध्ये एक मिलिमीटरहून जास्त डेंटिन शाबूत असेल तर गराला सहसा मोठा धक्का नसतो. ते अंतर अर्ध्या मिलिमीटरच्या खाली गेलं की चित्र झपाट्याने पालटतं. जंतू प्रत्यक्ष गरात पोचण्याच्या कितीतरी आधी त्यांची विषं पोचलेली असतात, त्यामुळे 'कीड अजून नसेपर्यंत गेलेली नाही' असं असलं तरी गर सुजलेला असू शकतो.

दुसरी वाट भेगांची. सुपारी फोडण्याची, हाडं चावण्याची किंवा झोपेत दात खाण्याची सवय असलेल्यांच्या दाढेला उभी चीर जाते. ती साध्या एक्स-रेत बहुधा दिसत नाही. तिची खूण अशी की चावताना, आणि त्याहून जास्त चावलेलं सोडताना, एकदम कळ येते. तिसरी वाट जुन्या सिमेंटच्या किंवा चांदीच्या भरणाच्या कडेची, जिथे बारीक फट पडून आतून कीड पुन्हा लागते. चौथी माराची. सायकलवरून पडून समोरचा दात हलला, दोन दिवसांत दुखायचा थांबला आणि वर्षा-दोन वर्षांनी करडा पडला, हे फार वेळा घडतं. मार लागलेला दात तीन महिन्यांपर्यंत थंडाच्या चाचणीला उत्तर देत नाही, तरीही तो जिवंत असू शकतो. म्हणून मारानंतर पहिल्या आठवड्यात केवळ चाचणीवरून घाईने रूट कॅनाल (दातातला गर काढून मुळांच्या आतली पोकळी धुऊन बंद करण्याचा उपचार) करवून घेऊ नये, आणि तपासण्या चुकवूही नयेत.

जंतूच खरे गुन्हेगार आहेत हे १९६५ साली काकेहाशी, स्टॅनली आणि फिट्झजेराल्ड यांनी उंदरांवर दाखवलं. त्यांनी दाढा कोरून गर उघडा ठेवला. नेहमीच्या उंदरांमध्ये गर सडला आणि गळू झालं. पूर्ण निर्जंतुक वातावरणात वाढवलेल्या उंदरांमध्ये त्याच जखमेत अन्न अडकलं असूनही गर जिवंत राहिला आणि त्याने जखमेवर नव्या डेंटिनचा पूल बांधला. गराला स्वतःला बरं करता येतं. जंतूंची आवक बंद करून दिली पाहिजे, एवढंच. आजच्या दंतोपचारांची सारी मांडणी या एका गोष्टीवर उभी आहे.

दुखणं कसं वाचायचं

गरातले मज्जातंतू मुख्यतः दोन प्रकारचे. एक वेगवान, ते थंड पाण्यासारख्या गोष्टींनी लगेच चेततात आणि सुईसारखी कळ देतात. दुसरे संथ आणि खोलवरचे, ते सूज वाढली की जागे होतात आणि ठणका देतात. कळ आणि ठणका यांतला फरक ओळखता आला की अर्धं निदान घरीच होतं.

पहिला टप्पा असा: थंड किंवा गोड लागलं की कळ येते आणि घोट गिळल्यावर दोन-चार सेकंदांत जाते. आपोआप दुखत नाही, रात्री झोप लागते, दातावर टिचकी मारली तर काही वाटत नाही. गर चिडलेला आहे, पण परत येऊ शकतो. या टप्प्यावर कीड काढून नीट भरण केलं तर बहुतेक वेळा रूट कॅनालची गरजच पडत नाही. दुर्दैवाने याच टप्प्यावर लोक सेन्सिटिव्ह दातांची पेस्ट आणून दोन महिने घालवतात. ती पेस्ट हिरडी मागे सरकून उघड्या पडलेल्या मुळांसाठी ठीक आहे. किडीचा खड्डा ती बुजवत नाही.

दुसऱ्या टप्प्यात थंड लागल्यावर कळ रेंगाळते, तीस सेकंद, मिनिट, कधी त्याहून जास्त. गरम चहानेही दुखू लागतं. काही कारण नसताना ठणका सुरू होतो. आडवं झालं की डोक्याकडे रक्ताचा दाब वाढतो आणि कोंडलेल्या गरातला ताण असह्य होतो, म्हणून दाढदुखी रात्रीच उफाळते. या वेळी गर स्वतःहून पूर्ववत होण्याची आशा फार कमी असते.

याच टप्प्याचं एक फसवं रूप लक्षात ठेवण्यासारखं आहे. गरमाने दुखतं आणि थंड पाण्याने उलट आराम पडतो. माणूस उशाशी बर्फाच्या पाण्याचा तांब्या ठेवून दर पाच मिनिटांनी घोट घेत रात्र काढतो. असं होत असेल तर गराचा बराच भाग गेलेला असतो. ही खूण दवाखान्यात आवर्जून सांगा.

कोणती दाढ दुखते हेच न कळणं, हेही याच टप्प्याचं लक्षण. गराला वेदना कळते, जागा कळत नाही. खालच्या दाढेचं दुखणं कानात जातं, वरच्या दाढेचं कानशिलात. खालची की वरची हेही सांगता येत नाही. एक मात्र पक्कं: डाव्या दाढेचं दुखणं उजव्या बाजूला जात नाही. मुळाच्या टोकाबाहेरच्या, दाताला हाडाशी बांधणाऱ्या तंतूंपर्यंत सूज पोचली की मग बोट ठेवून दाखवता येतं, 'हीच ती'. या तंतूंना जागेची नेमकी जाण असते. दात किंचित उंच झाल्यासारखा वाटतो आणि वरचा दात त्याला टेकला तरी दुखतं.

आणि मग एके दिवशी दुखणं थांबतं.

सगळ्यात जास्त नुकसान या दिवसामुळे होतं. गर मेला, मज्जातंतू मेले, म्हणून थंड-गरम कळेनासं झालं. लोक सुटकेचा श्वास सोडतात, घेतलेली वेळ रद्द करतात. आत मात्र जंतूंना आता अडवणारं कोणी उरलेलं नसतं, कारण रक्तपुरवठाच संपलेला असतो. ते मुळाच्या टोकातून बाहेर पडून हाडात घर करतात. काही आठवड्यांनी, कधी काही वर्षांनी, चावताना दुखतं, हिरडी सुजते किंवा हिरडीवर पुळी येते. ती पुळी फुटते, खारट-कडवट पाणी तोंडात येतं, बरं वाटतं, पुन्हा भरते. वाहत्या पुळीचा दात सहसा दुखत नाही, कारण पू बाहेर पडायला वाट मिळालेली असते.

घरी काय तपासून पाहावं

आपोआप ठणका सुरू असेल तर कोणतीही चाचणी करू नका, सरळ वेळ घ्या. नसेल तर पाच मिनिटं काढून हे करा, म्हणजे दवाखान्यात नेमकं सांगता येईल.

आरशासमोर टॉर्च धरून दाढा पाहा. काळा खड्डा, तुटलेली कड, भरणाभोवती काळी रेघ, करडा पडलेला दात, हिरडीवर पुळी यांपैकी काही दिसतं का बघा. मग साधं थंड पाणी आधी न दुखणाऱ्या बाजूला तोंडात धरा, म्हणजे तुमच्या दातांना थंड किती लागतं ते कळेल. नंतर तेच दुखऱ्या बाजूला. कळ आली तर पाणी टाका आणि घड्याळात सेकंद मोजा. पुढे चमच्याच्या दांड्याने एकेका दातावर हलकी टिचकी मारा, शेजारच्या चांगल्या दातापासून सुरुवात करून. शेवटी हात धुऊन बोटाने मुळाच्या टोकाशी, म्हणजे वरच्या दातांना हिरडीच्या वरच्या अंगाला आणि खालच्यांना खालच्या अंगाला, दाबून पाहा.

लिहून ठेवा: कधीपासून, कशाने, किती सेकंद, रात्री जाग येते का, कोणती गोळी किती वाजता घेतली. सोसवत असेल तर तपासणीच्या आधी काही तास वेदनाशामक टाळलेलं बरं. गोळीच्या अमलाखाली चाचण्यांची उत्तरं बोथट होतात आणि चुकीच्या दाढेवर बोट ठेवलं जाण्याचा धोका वाढतो.

सगळीच दाढदुखी दाताची नसते. सर्दीनंतर वरच्या तीन-चार दाढा एकदम दुखत असतील, वाकल्यावर जड वाटत असेल तर सायनसचा विचार करा. चेहऱ्यावर वारा लागला किंवा स्पर्श झाला की विजेच्या झटक्यासारखी काही सेकंदांची कळ येत असेल तर ती चेहऱ्याच्या मज्जातंतूची असू शकते. या दुखण्यापायी चांगल्या दाढा काढून घेतलेली माणसं आहेत. जिना चढताना जबडा दुखतो, थांबल्यावर राहतो, घाम येतो, छाती भरून येते, असं असेल तर दंतवैद्याकडे न जाता आधी हृदयाची तपासणी करा.

आजची रात्र काढायची असेल तर

धडधाकट प्रौढ व्यक्तीसाठी सगळ्यात उपयोगी जोडी म्हणजे इबुप्रोफेन ४०० मिलिग्रॅम आणि पॅरासिटामॉल ५०० मिलिग्रॅम, काहीतरी खाऊन. दोन्ही वेगवेगळ्या मार्गांनी काम करतात, म्हणून एकत्र घेतल्याने एकट्या गोळीपेक्षा जास्त आराम मिळतो. दोन डोसांमध्ये सहा ते आठ तास ठेवा. डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय इबुप्रोफेन दिवसाला १२०० मिलिग्रॅमच्या वर नेऊ नका, आणि पॅरासिटामॉल सगळ्या गोळ्या मिळून ३ ग्रॅमच्या आत ठेवा. बाजारात दोन्ही एकत्र असलेली गोळी मिळते, तिच्यात बहुधा ४०० आणि ३२५ असं प्रमाण असतं. ती घेतली तर वर पुन्हा इबुप्रोफेन नको. सर्दीच्या गोळीतही पॅरासिटामॉल असतं, तेही हिशेबात धरा.

पोटात अल्सर, मूत्रपिंडाचा आजार, रक्त पातळ करणारी औषधं, वेदनाशामकाने उठणारा दमा किंवा गर्भारपण असेल तर इबुप्रोफेन टाळून डॉक्टरांना विचारा. आपल्याकडे पावसाळ्यात आणखी एक खबरदारी: अंगात ताप असेल तर डेंग्यू नाही हे कळेपर्यंत इबुप्रोफेनही नको आणि अ‍ॅस्पिरीनही नको. लहान मुलांना मोठ्यांच्या गोळीचा तुकडा देऊ नका, त्यांचा डोस वजनावर ठरतो.

उशी उंच घ्या, अर्धवट बसून झोपा. खड्ड्यात अडकलेलं अन्न कोमट पाण्याच्या चुळांनी काढा, पेलाभर पाण्यात अर्धा चमचा मीठ पुरे. लवंगेच्या तेलातलं युजेनॉल खरोखर बधिरता आणतं, ही समजूत खोटी नाही. पण ते कापसाच्या अगदी छोट्या बोळ्यावर एक थेंब घेऊन, बोळा पिळून, फक्त खड्ड्यात ठेवायचं. हिरडीला आणि गालाला लागलं तर तिथलं कातडं भाजतं.

काय करू नये ते जास्त महत्त्वाचं आहे. अ‍ॅस्पिरीनची गोळी दाढेशेजारी दाबून ठेवू नका, हिरडी पांढरी पडून जळते. सूज आलेल्या गालाला बाहेरून गरम शेक देऊ नका. बाहेरून थंड पट्टी दहा मिनिटं ठेवून दहा मिनिटं काढलेली चालते. टाचणीने पुळी फोडू नका. आणि मशेरी लावू नका. दाढ दुखते म्हणून मशेरी लावायला सुरुवात झाली आणि आयुष्यभर सुटली नाही, अशा बायका महाराष्ट्रातल्या गावोगावी सापडतील. भाजलेल्या तंबाखूने वेदना थोडी बोथट होते, कीड तसूभर मागे हटत नाही, आणि तोंडाच्या कर्करोगाची वाट उघडते.

अँटिबायोटिकबद्दल थोडं स्पष्ट बोलायला हवं

दाढ दुखली की मेडिकलमधून अमॉक्सिसिलीनची पट्टी आणायची, ही सवय इतकी रुळली आहे की त्यात काही चुकतंय असंही वाटत नाही. गर जिवंत आणि सुजलेला असतो तेव्हा दुखणं सुजेचं आणि दाबाचं असतं, तिथे अँटिबायोटिकने वेदना कमी होत नाही. अमेरिकन डेंटल असोसिएशनने २०१९ साली दिलेल्या मार्गदर्शनातही अशा दुखण्यासाठी अँटिबायोटिक देऊ नये असंच सांगितलं. गर मेलेला असेल तर औषध त्याच्यापर्यंत पोचायला रक्तच नसतं. दोन्ही बाजूंनी गोळी निरुपयोगी. चार दिवसांनी आपोआप थांबलेल्या दुखण्याचं श्रेय मात्र तिला मिळतं.

अँटिबायोटिक लागतं ते संसर्ग दाताबाहेर पसरला तर. ताप येतो, गाल सुजत जातो, जबड्याखाली गाठी येतात, तोंड उघडेनासं होतं. मधुमेह ताब्यात नसलेल्या किंवा प्रतिकारशक्ती कमी असलेल्या रुग्णात डॉक्टर लवकर निर्णय घेतात. तेव्हाही दात उघडून किंवा चीर देऊन पू काढणं हाच मुख्य उपाय. पेनिसिलीनची अ‍ॅलर्जी असेल तर विचारायची वाट न पाहता सांगा.

ही लक्षणं दिसली तर उद्यावर टाकू नका

जिभेखाली किंवा हनुवटीखाली दोन्ही बाजूंना टणक सूज, गिळता न येणं, लाळ बाहेर गळणं, आवाज बदलणं, श्वासाला त्रास. खालच्या दाढांचा संसर्ग जिभेखालच्या जागांमध्ये उतरला की श्वासनलिका दाबली जाऊ शकते. याला लुडविग अँजायना म्हणतात. १८३६ साली वर्णन झालेला हा आजार आजही जीव घेतो. वरच्या सुळ्याच्या संसर्गाने डोळा सुजून मिटू लागला, दृष्टी धूसर झाली, तीव्र डोकेदुखीसह ताप आला, तर तोही तितकाच गंभीर. अशा वेळी दंतवैद्याचा दवाखाना उघडण्याची वाट पाहू नका. १०८ला फोन करा आणि मोठ्या रुग्णालयात जा.

दवाखान्यात काय होतं, काय विचारायचं

दंतवैद्य थंडाची चाचणी करतात, टिचकी मारतात, हिरडीची खोली मोजतात, एक्स-रे काढतात. एक्स-रेत काही दिसलं नाही म्हणजे काही नाही असं समजू नका. हाडातली बरीच खनिजं, साधारण तिसरा हिस्सा तरी, गेल्याशिवाय मुळाशी काळी सावली उमटत नाही. ताज्या गळवाचा एक्स-रे अगदी स्वच्छ दिसू शकतो.

गर जिवंत असेल तर पहिला प्रश्न विचारा: 'हा गर वाचवता येईल का?' खोल कीड तळापर्यंत खरवडून गर उघडा पाडायचा, ही जुनी पद्धत आता मागे पडते आहे. कडा पूर्ण स्वच्छ करून गरावरचा थोडा मऊ थर तसाच ठेवतात आणि वर पक्कं भरण करतात. जंतूंचा रसद-पुरवठा तुटला की ते निष्प्रभ होतात. गर उघडा पडलाच तर सोडियम हायपोक्लोराइटमध्ये भिजवलेला बोळा ठेवून पाच-दहा मिनिटं वाट पाहतात. रक्त थांबलं तर उरलेला गर निरोगी असण्याची शक्यता चांगली. त्यावर एमटीए किंवा बायोडेंटिनसारखं सिमेंट बसवून दात बंद करतात. रक्त थांबत नसेल तर सूज खोलवर गेली आहे. तेव्हा दाढेच्या वरच्या कप्प्यातला गर काढून मुळांमधला ठेवता येतो, किंवा पूर्ण रूट कॅनाल करावं लागतं.

रूट कॅनालमध्ये कसं चुकतं ते माहीत असलं की बरोबर प्रश्न विचारता येतात. सुजलेल्या खालच्या दाढेला नेहमीचं इंजेक्शन कधीकधी पुरेसं चढत नाही. ओठ बधिर होतो आणि दाढ तरी दुखते. हा तुमचा कमकुवतपणा नाही, सुजलेल्या गराचे मज्जातंतू तसे वागतात. लगेच हात वर करा, पूरक इंजेक्शनं असतात.

दातावर रबर डॅम, म्हणजे रबराचा पातळ पडदा, बसवणार का हे आधीच विचारा. त्याच्याशिवाय लाळेतले जंतू उघड्या कालव्यांत, म्हणजे मुळांच्या आतल्या अरुंद नळ्यांत, जात राहतात, आणि हायपोक्लोराइट (जंतू मारणारं द्रावण) किंवा बारीक फाइल (कालवा घासायची सुईसारखी कानस) घशात जाण्याचा धोका राहतो. आमच्या मते दवाखान्याची निवड करताना फर्निचरपेक्षा ही एक गोष्ट पाहावी.

कालवे किती सापडले हे विचारा. वरच्या पहिल्या दाढेत बहुतेकदा चार असतात आणि चौथा इतका अरुंद की तो सहज निसटतो. खालच्या पहिल्या दाढेत तीन किंवा चार. राहून गेलेला कालवा हे रूट कॅनाल फसण्याचं एक मोठं कारण आहे. कालव्याची लांबी अपेक्स लोकेटर (मुळाचं टोक शोधणारं यंत्र) आणि एक्स-रे दोन्हींनी ठरवतात आणि टोकाच्या अर्धा ते एक मिलिमीटर अलीकडे थांबतात. अलीकडे फार राहिलं तर जंतू उरतात, पलीकडे गेलं तर भोवतालच्या हाडाला इजा. फाइल फक्त कालवा रुंद करते. जंतू मारण्याचं आणि सडका गर विरघळवण्याचं काम हायपोक्लोराइट करतं, म्हणून भरपूर आणि सावकाश धुणं हाच या उपचाराचा प्राण आहे. नंतर ईडीटीए नावाच्या रसायनाच्या १७ टक्के द्रावणाने मिनिटभर धुऊन भिंतींवरचा लगदा काढतात. पू असेल तर मधे आठवडा-दोन आठवडे कालव्यांत कॅल्शियम हायड्रॉक्साइड हे जंतुनाशक औषध ठेवतात. शेवटी गटापर्चा (रबरासारखा पदार्थ) आणि सीलरने (फटी बुजवणाऱ्या सिमेंटने) कालवे बंद करतात.

दोन भेटींच्या मधे तात्पुरतं भरण निघालं तर त्याच दिवशी फोन करा. उघड्या दाढेत लाळ शिरली की केलेलं काम वाया जातं. उपचारानंतर दोन-तीन दिवस चावताना दुखणं अपेक्षित आहे. सूज वाढत गेली, किंवा आठवड्यानंतरही दात उंच लागत असेल तर परत जा. भरण जरा उंच राहिलं असेल तर ते घासून पाच मिनिटांत आराम पडतो.

कॅप लांबवू नका. रूट कॅनाल झालेली दाढ बहुतेकदा आधीच पोखरलेली असते आणि तिला उभी चीर गेली तर काढण्याशिवाय पर्याय उरत नाही. पुढच्या दाताला पुरेसा भाग शाबूत असेल तर कॅप लागतेच असं नाही.

खर्च झेपत नसेल तर गोळ्यांवर दिवस काढण्यापेक्षा मुंबई, नागपूर, छत्रपती संभाजीनगर इथली शासकीय दंत महाविद्यालयं, मुंबईचं नायर दंत महाविद्यालय किंवा गोव्यात बांबोळीचं दंत महाविद्यालय गाठा. वेळ जास्त लागतो, पण काम अध्यापकांच्या देखरेखीखाली होतं. तेही शक्य नसेल तर दाढ काढणं हा प्रामाणिक पर्याय आहे. सडलेला गर तसाच ठेवणं हा पर्याय नाही.

मुलांच्या दाढा

दुधाच्या दाढेचं इनॅमल पातळ आणि गर मोठा, त्यामुळे कीड काही महिन्यांत आत पोचते. 'पडणारच आहे' म्हणून सोडू नका. मागची दुधाची दाढ दहा ते बारा वर्षांपर्यंत राहायची असते, आणि तिच्या मुळांखालीच पक्का दात घडत असतो. तिथल्या पुवाने त्याच्या इनॅमलवर डाग किंवा खड्डे पडू शकतात. दुधाच्या दाढेतला वरचा गर काढून स्टीलची कॅप बसवता येते.

साधारण सहाव्या वर्षी दुधाच्या दाढांच्या मागे एक नवी दाढ येते. काही पडून ती येत नाही, त्यामुळे आईवडिलांना ती दुधाचीच वाटते आणि किडली तरी दुर्लक्ष होतं. ती कायमची आहे. या वयात तिची मुळं अर्धवट असतात, टोकं उघडी असतात. गर मेला तर मुळं वाढायची थांबतात. म्हणून या दाढेत गर वाचवण्याचा प्रयत्न शेवटपर्यंत करावा, आणि त्यासाठी मुलांच्या दंतवैद्याकडे जावं. रक्तपुरवठा चांगला असल्याने मुलांचा गर मोठ्यांपेक्षा जास्त साथ देतो.

नंतरची देखरेख

गर वाचवला असेल तर सहा महिन्यांनी आणि वर्षाने थंडाची चाचणी आणि एक्स-रे करून घ्या, कारण गर दुखल्याशिवायही मरू शकतो. रूट कॅनालनंतर वर्षाने एक्स-रे काढावा. मुळाशी मोठी सावली असेल तर हाड भरून यायला चार वर्षांपर्यंतही लागू शकतात. सावली आकसत असेल तर थांबता येतं, वाढत असेल तर पुन्हा उपचार. हे ठरवायला आधीचा एक्स-रे हातात लागतो, म्हणून पहिल्याच दिवशीच्या एक्स-रेची प्रत मागून घ्या आणि त्यावर तारीख व दात कोणता ते लिहून फाइलमध्ये ठेवा.